एनबीए प्लेऑफ २०२५ : सगळ्यात भारी कोण आणि रिंग (म्हणजे चॅम्पियनशिप) कोणाला?

मध्यरेषा | १७ एप्रिल २०२५

चला, एनबीए बास्केटबॉलचं ८२ मॅचचं रहाटगाडगं संपलं एकदाचं. शनिवारपासून खरा खेळ सुरू. ईस्ट आणि वेस्ट दोन्हीकडचे आठवे नंबर उद्या ठरतील, पण त्याने आपल्या भांडणात काही फरक पडत नाही.

माझं म्हणणं दोन वाक्यांचं आहे. आजघडीला जगातला सगळ्यात भारी खेळाडू डेन्व्हरचा निकोला योकिच. आणि चॅम्पियन ओक्लाहोमा सिटी. दरवर्षी लोक या दोन प्रश्नांची गल्लत करतात आणि मग कोणीतरी "भारी आहे तर जिंकून दाखवत का नाही" असलं काहीतरी बोलतं.

योकिचची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड (चुकलेला शॉट पकडणं), १०.२ असिस्ट (बास्केट करून देणारा पास). पूर्ण सीझनभर ट्रिपल डबलची (तीन बाबतींत दहा किंवा जास्त) सरासरी राखणारा ऑस्कर रॉबर्टसन आणि वेस्टब्रुकनंतर हा तिसराच, सेंटर (बास्केटपाशी खेळणारा उंच खेळाडू) म्हणाल तर पहिलाच. मार्चमध्ये फिनिक्सविरुद्ध ३१ पॉइंट, २१ रिबाउंड, २२ असिस्ट केले, एका मॅचमध्ये असे आकडे याआधी कोणाच्याच नावावर नव्हते. १ एप्रिलला मिनेसोटाविरुद्ध ६१ पॉइंटचं ट्रिपल डबल केलं आणि तरी टीम दोन ओव्हरटाइम खेळून १४०-१३९ अशी हरली, कारण वेस्टब्रुकने शेवटच्या क्षणी लेअप घालवला आणि लगेच दुसऱ्या टोकाला थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारणाऱ्यावर फाउल केला. डेन्व्हरचा अख्खा सीझन या एका मॅचमध्ये बघून घ्या. त्यात तीन मॅच राहिल्या असताना मॅनेजमेंटने कोच मलोनला घरी पाठवलं. २०२३ ला रिंग जिंकून दिलेला माणूस!

ओक्लाहोमा सिटी थंडर ६८-१४, म्हणजे ६८ जिंकल्या, १४ हरल्या. सरासरी १२.९ पॉइंटच्या फरकाने समोरच्याला चिरडलंय, १९७१-७२ च्या लेकर्सचा रेकॉर्ड मोडला. आठ-नऊ जण असे आहेत की कोणालाही आत टाका, डिफेन्स ढिला पडत नाही. अशी टीम सात मॅचच्या सिरीजमध्ये चार वेळा हरवायची कशी?

या भांडायला.

आकडेमोड | १७ एप्रिल

दुसरं वाक्य मान्य, पहिलं साफ अमान्य.

ओक्लाहोमाचा शाई गिल्जस-अलेक्झांडर. ३२.७ पॉइंट, लीगचा टॉप स्कोअरर, ६.४ असिस्ट, आणि मुख्य म्हणजे डिफेन्सलाही खेळतो, बॉलच्या चोऱ्या करतो, गार्ड असून ब्लॉक करतो. तुमचा योकिच पिक अँड रोलमध्ये (एकाने आडवं उभं राहून स्क्रीन लावायची, बॉलवाल्याने त्याच्या आडून सुटायचं) सापडला की डेन्व्हरचं काय होतं ते सगळ्यांना माहितीये. बॉल हातात असताना तो देव आहे, कबूल, पण अर्धा वेळ बॉल दुसऱ्याच्या हातात असतो ना राव.

लेकरवेडी | १७ एप्रिल

फ्री थ्रो मर्चंटला (फाउल काढून मोफत शॉटवर जगणाऱ्याला) एमव्हीपी (सीझनचा मोस्ट व्हॅल्युएबल प्लेयर) म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या. हात लागायच्या आधी मान मागे टाकतो तो.

आणि लुका कुठे गेला या धाग्यात?? फेब्रुवारीत डॅलसने अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि एका फर्स्ट राउंड पिकच्या बदल्यात २५ वर्षांचा लुका देऊन टाकला, आधीच्याच वर्षी फायनलला नेलेला लुका, त्यावर मी अजून हसतेय. लेकर्स ५०-३२, तिसरे. लेब्रॉन ४० चा झाला तरी पळतोय. वेस्टमधून आम्हीच.

आकडेमोड | १७ एप्रिल

@लेकरवेडी दर मॅचला ८.८ फ्री थ्रो. लीगमध्ये सगळ्यात जास्त ड्राइव्ह करणाऱ्यांत जो दरवर्षी वर असतो त्याला नऊ फ्री थ्रो मिळाले तर आश्चर्य कसलं? आणि त्याचा मुख्य माल मिडरेंज (मधल्या अंतरावरचे शॉट) आहे. थांबतो, खांदा देतो, समोरचा पुढे घसरला की वर. ते काय रेफरी मारून देतो का?

बरं तुमचा सेंटर कोण? मार्क विल्यम्सचा ट्रेड मेडिकलवरून तुम्हीच रद्द केलात. समोर मिनेसोटाचा सेंटर गोबेअर आहे.

लेकरवेडी | १७ एप्रिल

गोबेअरला लुकाने २०२४ ला काय केलं होतं आठवतंय ना? मागे सरकून स्टेपबॅक. बस.

हिरवागार | १८ एप्रिल

सगळे वेस्टवर घसरलेत, डिफेंडिंग चॅम्पियनचं नावच नाही. बोस्टन ६१-२१. टेटम, ब्राउन, व्हाइट, हॉलिडे, पोर्झिंगिस, म्हातारा हॉरफर्ड. सहा जण, सहाही थ्री मारतात, सहाही डिफेन्स करतात. तुमच्या थंडरनी प्लेऑफमध्ये काय दिवे लावलेत अजून? गेल्या वर्षी पहिल्या नंबरवर होते, दुसऱ्या राउंडला डॅलसने ४-२ नी घरी पाठवलं.

मध्यरेषा | १८ एप्रिल

@हिरवागार बरोबर, आणि नेमकं त्यानंतर काय केलं बघा. डॅलसने गिडीला मोकळा सोडून बाकीच्यांवर गर्दी केली होती. थंडरनी तोच गिडी शिकागोला देऊन कारुसो आणला, रिबाउंडला मार खात होते म्हणून हार्टेनस्टाईन आणला. जिथे फाटलं होतं बरोबर तिथेच ठिगळ. बाकी सलग दोनदा जिंकणारी शेवटची टीम २०१७-१८ ची वॉरियर्स. त्यानंतर टोरंटो, लेकर्स, मिलवॉकी, गोल्डन स्टेट, डेन्व्हर, बोस्टन. सहा वर्षं, सहा टीम. तुम्हालाच का अपवाद मिळावा?

जुनेजाणते | १८ एप्रिल

६८ जिंकले म्हणून माळ घालायची घाई करू नका. २००७ ची डॅलस ६७-१५ होती, पहिल्याच राउंडला आठव्या नंबरच्या गोल्डन स्टेटने उडवली. २०१६ ला सॅन अँटोनियो ६७ जिंकून दुसऱ्या राउंडला हरली. त्याच वर्षीची वॉरियर्स ७३-९, फायनलला ३-१ पुढे, आणि मग क्लीव्हलँडच्या लेब्रॉनचा तो ब्लॉक आणि कायरीचा थ्री, हरली. रेग्युलर सीझनला दर दुसऱ्या दिवशी नवी टीम समोर असते, तुमची ठेवणीतली चाल तिला समजेपर्यंत मॅच संपते. प्लेऑफला तोच माणूस तुम्हाला दोन आठवडे रोज वाचत असतो.

आणखी एक. स्कोअरिंगमध्ये पहिला आणि त्याच वर्षी रिंग, हे शेवटचं २००० साली शॅकने केलंय. त्याच वर्षी एमव्हीपी आणि रिंग दोन्ही, हे २०१५ च्या करीनंतर कोणालाच जमलं नाही. तुमच्या शाईला हे दोन्ही एकदम करायचंय.

सहज_सुचलं | १८ एप्रिल

मी दोनच वर्षं बघतेय त्यामुळे प्रश्न बाळबोध असेल. एमव्हीपी म्हणजेच सगळ्यात भारी खेळाडू ना? मग वाद कशाला, जो निवडतील तो.

जुनेजाणते | १८ एप्रिल

नाही हो ताई. १९९७ ला एमव्हीपी कार्ल मलोनला दिला. त्याच वर्षी फायनलला जॉर्डनने त्याच्याच युटाला ४-२ हरवलं. तेव्हा सगळ्यात भारी कोण हे मलोनच्या घरच्यांनासुद्धा माहीत होतं.

मध्यरेषा | १८ एप्रिल

@सहज_सुचलं प्रश्न चांगलाय. मतं १०० पत्रकार देतात आणि प्लेऑफ सुरू व्हायच्या आत देतात, म्हणजे आता जे होईल ते त्यात धरलंच जात नाही. शिवाय निदान ६५ मॅच खेळायला लागतात. त्यामुळे ते बक्षीस "या सीझनची गोष्ट कोणाची" याचं असतं. शाईची टीम ६८ जिंकली, गोष्ट त्याची, त्याला मिळेल आणि मिळायलाच हवं. माझा प्रश्न वेगळा आहे. उद्या एक मॅच आहे, हरलात तर सगळं संपलं, बाकीचे चार खेळाडू साधारण आहेत, पहिला कोणाला घ्याल? मी योकिचला घेतो, विचारही करत नाही, कारण तो बाकीच्या चार साधारणांना चांगलं करतो. बॉल एल्बोवर (फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी) धरून उभा राहिला की कट मारणाऱ्याला फक्त पळायचं असतं, पास आपोआप हातात येतो.

कोपऱ्यातला_थ्री | १८ एप्रिल

बरेच दिवस नुसता वाचतोय. इंडियाना पेसर्स. येतो.

हिरवागार | २२ एप्रिल

:हहपुवा: खेळाडूंच्याच गुप्त मतदानात सगळ्यात ओव्हररेटेड म्हणून तुमचा हॅलिबर्टन पहिला आलाय हो.

लेकरवेडी | २८ एप्रिल

आमचा कोच जेजे रेडिकने आज सेकंड हाफला एकही बदली केली नाही. एकही. तेच पाच जण २४ मिनिटं. त्यातला एक ४० वर्षांचा. चौथ्या क्वार्टरला लुकाचे पाय बघवत नव्हते. मिनेसोटाविरुद्ध १-३. मला कोणी टॅग करू नका.

आकडेमोड | १ मे

@लेकरवेडी गोबेअर २७ पॉइंट, २४ रिबाउंड. फक्त नोंद म्हणून.

लेकरवेडी | १ मे

तुमच्यासारख्या लोकांमुळे माणूस हॉकीकडे वळतो.

आकडेमोड | १ मे

थंडर ४-० मेम्फिस. पहिली मॅच १३१-८०. ज्यांना ही टीम प्लेऑफमध्ये दबकेल असं वाटत होतं ते काका कुठायत?

जुनेजाणते | ४ मे

इथेच आहे. मेम्फिसने सीझन संपता संपता कोच काढला होता, त्यांना हरवून कसला पुरावा मिळतो. आता डेन्व्हर आहे. मध्यरेषाचे दोन्ही प्रश्न एकाच कोर्टावर येतायत, आता बोला.

मध्यरेषा | ६ मे

बोलतो! १२१-११९ डेन्व्हर! ओक्लाहोमात जाऊन! योकिच ४२ पॉइंट, २२ रिबाउंड!

शेवट परत तीनदा बघितला. थंडर पुढे असताना समोरच्याला थ्री मारू द्यायचाच नाही म्हणून आधीच फाउल करत होते, म्हणजे घड्याळ थांबतंय, डेन्व्हर दोन फ्री थ्रो टाकतंय, परत तेच. मग थंडरच्या चेटने दोन्ही फ्री थ्रो घालवले आणि वेस्टब्रुकने, हो त्याच वेस्टब्रुकने, जो ओक्लाहोमाचा एमव्हीपी होता, पळत जाऊन आरोन गॉर्डनला बॉल दिला. थ्री. खलास. थंडरचा कोच डेग्नॉल्टने एवढ्या लवकर फाउल करायची गरज काय होती मला अजून कळलं नाही.

आकडेमोड | ६ मे

चाल बरोबरच होती. फ्री थ्रो घातले असते तर आज तुम्ही त्याला हुशार म्हणाला असतात. एक मॅच आहे.

सहज_सुचलं | ६ मे

काल रात्री न्यूयॉर्क निक्सविरुद्ध बोस्टनचं काय झालं ते कोणी बोलणार नाहीये का :ड

हिरवागार | ६ मे

६० थ्री मारले. ४५ घालवले. प्लेऑफच्या इतिहासात एवढे कोणी घालवले नव्हते. २० पॉइंटची लीड होती, आत रिंगपाशी जाऊन दोन पॉइंट घ्यायला यांना कमीपणा वाटतो. कोच माझुलाला कोणीतरी सांगा की रिंगच्या खाली पण बास्केट मिळतं. असो. पुढची मॅच जिंकू.

आकडेमोड | ८ मे

थंडर १४९-१०६. हाफटाइमला ८७. डेन्व्हरवाले जागे आहात का?

कोपऱ्यातला_थ्री | ८ मे

आणि बोस्टनने परत २० ची लीड घालवली. आणि क्लीव्हलँडविरुद्ध आमचे २-० झाले, हॅलिबर्टनने १.१ सेकंद राहिले असताना थ्री घातला. ओव्हररेटेड म्हणे.

हिरवागार | १३ मे

टेटमची अकिलीस (टाचेवरची शीर) गेली. चौथ्या मॅचला, कोणी धक्का दिला नाही, बॉलकडे झेपावला आणि खाली. त्याआधी ४२ पॉइंट टाकले होते. आता पुढचं वर्ष पण गेलं. सिरीजचं मला काही पडलेलं नाही.

जुनेजाणते | १३ मे

फार वाईट वाटलं. गेल्याच महिन्यात लिलार्डचं पण हेच झालं. २०१९ च्या फायनलला ड्युरंटचं बघितलं होतं, तो वर्षभर बाहेर बसला पण परत तसाच खेळला. टेटम २७ चा आहे. येईल.

मध्यरेषा | १६ मे

सहावी मॅच ११९-१०७. ३-३! पाचव्या मॅचला योकिचने ४४ टाकूनही हरलो होतो, लू डॉर्टने चौथ्या क्वार्टरला धडाधड तीन थ्री घातले म्हणून. आज बेंचवरच्या स्ट्रॉदरने १५ टाकले आणि जिंकलो. म्हणजे मी काय म्हणतोय ते दिसतंय ना? योकिच रोज तोच आहे. बाकीच्यांपैकी एक जण जरी उभा राहिला तरी ६८ जिंकलेली टीम हरते.

आकडेमोड | १६ मे

आणि शाईच्या बाजूला रोज तिघं उभे राहतात म्हणून तो कमी भारी? हे कसलं गणित? चांगल्या टीममध्ये असणं हा गुन्हा झाला.

मध्यरेषा | १८ मे

गुन्हा कोण म्हणतंय. पण ज्याला आधाराला तिघं आहेत आणि ज्याला एकही नाही, त्या दोघांचे आकडे शेजारी ठेवून मोजणं बरोबर नाही एवढंच. ब्रूस ब्राउन गेला, केसीपी (कॉल्डवेल-पोप) गेला, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. एप्रन वगैरे पैशांचे नियम डोक्यावर. आता गॉर्डनची हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलीये, तरी तो खेळणार म्हणतोय.

मध्यरेषा | १९ मे

सातवी मॅच १२५-९३, हरलो.

पहिल्या क्वार्टरला पुढे होतो. मग डेग्नॉल्टने कारुसोला योकिचवर टाकलं. नीट समजून घ्या, कारुसो १९६ सेंटीमीटरचा गार्ड आहे, योकिच २११. कागदावर हा वेडेपणा. पण कारुसो त्याच्या मागे उभाच राहत नव्हता, पुढे येऊन, मांडीला मांडी लावून, हात बॉलच्या वाटेत. म्हणजे योकिचला बॉल द्यायचा तर कारुसोच्या डोक्यावरून उंच टाकायला हवा, आणि तसा टाकला की मागे चेट किंवा हार्टेनस्टाईन वाट बघत बसलेला. हे सगळं शक्य कशामुळे, तर डेन्व्हरच्या बाकीच्यांचा थ्री लागत नव्हता त्यामुळे त्यांना सोडून आत गर्दी करायला कोणाची ना नव्हती. योकिचला अख्ख्या मॅचमध्ये फक्त ९ शॉट मारता आले. पाच घातले. जगातल्या सगळ्यात भारी खेळाडूला बॉलच मिळू द्यायचा नाही, हा उपाय त्यांनी सातव्या मॅचसाठी राखून ठेवला असावा असं वाटण्याइतका चपखल बसला.

आकडेमोड | १९ मे

शाई ३५ पॉइंट. जेलन विल्यम्स सहाव्याला बुडाला होता, आज पेटला. आता तरी म्हणा.

मध्यरेषा | १९ मे

काय म्हणू? १७ एप्रिलला चॅम्पियन ओक्लाहोमा लिहिलंय, वर जाऊन बघा. एका माणसाला अडवायला ज्यांना पाच जण आणि दोन आठवडे लागतात, तो माणूस भारी की ते पाच? दोन्ही. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतोय.

आकडेमोड | १९ मे

कैच्याकै पळवाट आहे ही.

जुनेजाणते | १९ मे

पळवाट नाही पण थोडी सोय आहे खरी :) एक मुद्दा दोघांकडून सुटला. योकिच दुसऱ्या बाजूला रोज पिक अँड रोलमध्ये ओढला जात होता. शाई मुद्दाम त्याच्याच माणसाला स्क्रीनला बोलवायचा. सात मॅच असं पळवलं की एवढा मोठा माणूस दमणारच, मग पुढे येणाऱ्या कारुसोला ढकलून जागा घ्यायला जोर राहत नाही. डिफेन्सची किंमत ऑफेन्समध्ये अशी वसूल होते. १९९० च्या दशकात सेंटरला हा त्रास नव्हता, त्याच्या माणसाला तीस फुटांवर जाऊन स्क्रीन लावायची कोणाला पडली नव्हती. म्हणून आत्ताच्या काळात सेंटरला सगळ्यात भारी म्हणताना मी जरा थांबतो.

सहज_सुचलं | १९ मे

काका, हा प्रतिसाद मी सेव्ह करून ठेवलाय. पुढची मॅच फक्त स्क्रीन कोण लावतंय एवढंच बघणार.

आकडेमोड | २२ मे

अधिकृत : शाई एमव्हीपी. १०० पैकी ७१ पहिल्या नंबरची मतं, योकिचला २९. आणि मिनेसोटाविरुद्ध पहिली मॅच २६ पॉइंटने खिशात.

लेकरवेडी | २२ मे

मतमोजणीत पण फ्री थ्रो मिळाले असतील.

कोपऱ्यातला_थ्री | २२ मे

एमव्हीपीचं राहू द्या हो, कोणी न्यूयॉर्कची मॅच बघितली का???? तीन मिनिटांहून कमी राहिली होती आणि निक्स १४ नी पुढे. चौदा! नेस्मिथने एका क्वार्टरला सहा थ्री घातले. शेवटी हॅलिबर्टनने मारला तो रिंगच्या मागच्या कडेला लागून सरळ वर उडाला, इतका वर की सगळे नुसते माना वर करून बघत बसले, आणि आत. त्याला वाटलं थ्री आहे, जिंकलो, गळा धरायची खूण पण करून झाली आमच्या जुन्या रेजी मिलरसारखी, आणि रेजी स्वतः कॉमेंट्रीला बसलेला! मग कळलं पायाचा अंगठा रेषेवर होता, दोनच पॉइंट, ओव्हरटाइम. तरी जिंकलो १३८-१३५.

मिलवॉकीविरुद्ध असंच, क्लीव्हलँडविरुद्ध असंच, आता हे. ६४ जिंकलेली टीम ४-१ नी घरी गेली ती उगाच नाही. आमच्याकडे सगळ्यात भारी पाचात बसेल असा कोणी नाही. दहा जण आहेत आणि दहाही पळतात.

हिरवागार | २२ मे

निक्सच्या घरी, गार्डनमध्ये घडलं म्हणून खास आनंद झाला. आजपासून पेसर्स.

जुनेजाणते | २२ मे

आनंद करा पण रोज अशी शेवटच्या तीन मिनिटांवर सिरीज निघत नाही. निक्सचा ब्रन्सन अजून आहे.

कोपऱ्यातला_थ्री | २२ मे

ब्रन्सन आणि टाउन्स दोघं एकत्र कोर्टावर असले की निक्सकडे पिक अँड रोल अडवणार कोण ते सांगा आधी. तुमचाच नियम काका, स्क्रीन कोणाच्या माणसाची लागतेय ते बघा. पेसर्स ६ मध्ये.

आकडेमोड | २२ मे

आणि मग थंडर ५ मध्ये.

कोपऱ्यातला_थ्री | २२ मे

सातपर्यंत नेतो. लावता पैज?